पैठणची गाडी

"थांबा, अजून थोडं कमी करते," हे तिचं कायमचं वाक्य. केसांची क्लिप दातात धरून, कीबोर्डवर वाकून म्हणायची.

चिकलठाण्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ती आणि तिचे वडील राहायचे. दिवसभर कारखान्यात उभं राहून यायची, कठडा धरून जिना चढायची. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असता, ही आता जेवून झोपणार. पण ती चहा टाकून कॉम्प्युटरपुढं बसायची. बाबा एसटीवर ड्रायव्हर होते. अर्धांगवायूनं डावा पाय गेला, तेव्हापासून खिडकीत बसून असायचे. त्यांच्यासाठी ती व्हिडिओ बघून शिकत एक गेम बनवत होती. शहरातून पैठणला जाणारी बस.

गेम चालायचा, पण अडखळत. कॉम्प्युटर जुना. टेबलाला लावलेलं स्टिअरिंग फिरवलं की बस उशिरा वळायची; तोवर ती शेतात शिरलेली असायची.

"गाडीत दम नाय," बाबा म्हणायचे.

मग कॉम्प्युटरवरचा भार कमी करायला तिनं गेममधल्या सावल्या काढून टाकल्या. ढग काढले. बिडकीनच्या पुढची निम्मी झाडं काढली. "रस्ता वळखू येईना," बाबा कुरकुरले. शेवटी ती प्रवासी काढायला निघाली, तेव्हा मात्र चिडलेच.

"रिकामी गाडी घेऊन म्या डेपोत चाललोय व्हय?"

तिनं डोळे चोळले. बरेच दिवस खपून तोड काढली: बटण दाबून आरशात बघितलं तरच प्रवासी तयार होतील, एरवी कॉम्प्युटरवर त्यांचा भार नाही. झालं काय, बाबा सारखे आरशातच बघायला लागले. बस पुन्हा अडखळली.

"बाबा, पुढं बघा ना!"

"माणसं बसल्यात का नाय, ते नको बघाया?"

ती हसायला लागली, आणि हसता हसताच तिनं डोकं टेबलावर टेकवलं.

पुढच्या हिवाळ्यात बाबा गेले. ती पुण्याला नोकरी धरून निघून गेली. फ्लॅटमध्ये आता दुसरं कुटुंब आहे.

मला मात्र त्याआधीची एक संध्याकाळ आठवते. बस पहिल्यांदाच कुठंही न अडखळता पैठणला पोचली. बाबांनी ती स्टँडवर लावली आणि वाट बघत बसले. प्रवासी उतरेनात. त्यांना उतरवण्याची सोय तिनं गेममध्ये अजून केलीच नव्हती.

मी तिला सांगायला वळलो. ती शेजारच्या खुर्चीत, रिकामा कप हातात तसाच धरून झोपली होती.

बाबांनी मला हातानंच थांबवलं. मग पडद्यावरच्या माणसांना हळूच म्हणाले, "बसा जरा, मंडळी. पोरगी झोपलीय."