मावशीला कशाची कमी नाही

माझ्या जिभेला लगाम नाही, असं माझी बायको लग्न झाल्यापासून सांगत आलीय. मी ते हसण्यावारी नेलं. मी शिंपी माणूस. माप द्यायला उभं राहिलेलं गिऱ्हाईक कंटाळतं, त्याला काहीतरी ऐकवावंच लागतं. आणि ऐकवायला माझ्याकडे एक हक्काचा विषय होता.

पलीकडच्या रस्त्यावर सरकारी मदतीचं ऑफिस आहे. त्याच्या रांगेचं शेपूट सकाळी आमच्या कोपऱ्यापर्यंत यायचं, दुकानातून स्वच्छ दिसायचं. "बघा," मी दातांत टाचण्या धरूनच म्हणायचो, "हात आहेत, पाय आहेत, आणि उभे राहिलेत फुकटचं घ्यायला. कर कोण भरतो? तुम्ही आणि मी. एकदा आयतं खायची चटक लागली की माणूस कामातून गेला म्हणून समजा." गिऱ्हाईक मान डोलवायचं. मला वाटायचं, वा, काय बोललो!

दुकानाच्या मागे, फळ्यांच्या भिंतीपलीकडे, मावशीची खोली होती. त्या भिंतीतून साधी शिंकसुद्धा ऐकू जायची. मग माझा आवाज जात नसेल? पण हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मावशी माझ्या नात्यातली नव्हे. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही. माझ्या दुकानाची काजं ती करायची, हातानं. कोटाला चीर पाडायची, दोऱ्याला मेण लावायचं, आणि कडेनं एकेक टाका असा घालायचा की बटण आत जाताना जरा अडखळलं पाहिजे आणि बाहेर येताना अजिबात नाही. सांगायला सोपं आहे. मी इतकी वर्षं शिवतोय, मला जमलं नाही. मावशीचं काज उलट बाजूनं बघितलं तरी सुलट वाटायचं.

नवरा कधीच गेलेला. घरात मावशी आणि तिची मुलगी. मुलगी चांगली पंचविशीची, पण नाव पडलं होतं छकुली, आणि तेच राहिलं. जन्मापासून तिला चालता येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. चाकांच्या खुर्चीत बसून असायची. मावशी रोज तिच्या दोन घट्ट वेण्या घालायची, रिबीन बांधायची. आणि छकुलीला एक काम होतं हं, तिला रिकामी समजू नका! मी रोज सकाळी तिच्या तळहातावर मूठभर बटणं ठेवायचो. सरमिसळ. ती थरथरत्या बोटांनी दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची एकीकडे करायची. संध्याकाळपर्यंत चालायचं. एकही चुकायचं नाही. मला बघितलं की आधीच हात पुढे, तळवा उघडा, आणि तोंडभर हसू. "ही बघा माझी पार्टनर," मी म्हणायचो, "पगारवाढ मागतेय!" मावशी पदर तोंडाला लावून हसायची.

मग मावशीच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला. सकाळी ती दहा-बारा सुया आणि दोऱ्याचं रीळ घेऊन यायची, मी सगळ्या ओवून द्यायचो, तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा. मीही वैतागायचो कधी कधी. "मावशी, उद्या कापडपण मीच धरू का?" ती म्हणायची, "धरा की मास्तर, मजुरी तेवढी माझी."

आणि मग मी काजाचं मशीन घेतलं. का नाही घ्यायचं? सगळेच घेत होते. ज्या कामाला मावशीला अर्धा दिवस लागायचा ते मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत करायचं. कोटाची काजं तेवढी मी तिच्यासाठी ठेवली, आणि स्वतःची पाठ थोपटली. पण कोट शिवतंय कोण आजकाल?

एके दिवशी सकाळी मावशी आली ती सुया न घेता. दारात घुटमळली. "मास्तर, दोन खुर्च्या मिळतील? पाहुणे यायचेत."

"पाहुणे? तुमच्याकडे?" मी म्हणालो. इतक्या वर्षांत तिच्याकडे कुणी फिरकलेलं मी पाहिलं नव्हतं. "कोण हो?"

"आहेत लांबचे," ती म्हणाली. "घरात छकुलीची सोडून खुर्ची नाही. आलेल्या माणसाला उभं कसं ठेवायचं?"

आता तुम्हीच सांगा, मी दोन खुर्च्यांवर थांबणारा माणूस आहे का? गिऱ्हाइकांसाठीच्या गादीच्या दोन खुर्च्या दिल्या, वर छोटं टेबल दिलं, कपाटातलं भरतकामाचं टेबलपोस उतरवून दिलं. बायकोनं कपबशांचा नवा सेट दिला. उरलेल्या पडद्याच्या कापडाचा तुकडा होता, तो मी स्वतः शिवून तिच्या खिडकीला लावून आलो. मनात म्हटलं, इतकी वर्षं तोंड न दाखवणारे नातेवाईक आता मजा बघायला येतायत, तर येऊ देत. मावशीची मान खाली जाता कामा नये.

दुपारी पाहुणा आला. खांद्याला पिशवी, साधा माणूस. अर्ध्या तासानं मागच्या गल्लीतून निघाला आणि माझ्या दुकानापाशी थांबला. "मागच्या खोलीतल्या बाई... तुम्ही ओळखता का त्यांना? जरा विचारायचं होतं."

बायको मला डोळ्यांनी दटावत होती. मी कसला थांबतोय!

"अहो, ओळखतो म्हणजे? माझ्या दुकानाचा कणा आहे त्या! हाताला रोज काम. मावशीला कशाची कमी नाही, हे मी सांगतो तुम्हाला. कुणाच्या दारात काही मागायला गेलेल्या नाहीत आजवर. मुलीला कशी ठेवलीय बघितलंत ना? चालत्या-बोलत्या मुलींना नाहीत अशा वेण्या! लोक उठसूट मदतीच्या रांगेत उभे राहतात. मावशीकडून शिका म्हणावं."

तो काहीतरी बोलायला गेला, मग राहिला. "बरं," म्हणाला. "आभारी आहे." आणि गेला. मी बायकोला म्हणालो, कसं गप्प केलं पाहुण्याला!

संध्याकाळी खुर्च्या परत आल्या. पुसून, लख्ख. एका गादीची उसवलेली शिवण मावशीनं चाचपत शिवून दिली होती.

महिन्याभरानं ती कागद घेऊन आली. "मास्तर, जरा वाचून दाखवता? अक्षर बारीक आहे, मला दिसत नाही."

मी चष्मा लावला. वर त्या ऑफिसचा शिक्का. मी दोनदा बघितला. आजारी-अपंग माणसाला घरी सांभाळणाऱ्याला दरमहा मदत मिळते, तिच्यासाठी मावशीनं अर्ज केला होता. मला पत्ता नाही. दुकानाला सोमवारी सुट्टी असते, ती सोमवारीच जायची रांगेला.

मी वाचायला लागलो. घर नीटनेटके, फर्निचर पुरेसे. शेजारील दुकानदाराच्या सांगण्यानुसार अर्जदारास कशाचीही कमी नाही, नियमित काम आहे, मुलीची उत्तम काळजी घेतली जाते. सबब अर्ज नामंजूर.

  मावशी समोर उभी, मान कलती करून ऐकत.

"मला सांगायचं नाही का हो, मावशी!" मी ओरडलोच. चोराच्या उलट्या बोंबा, पण ओरडलो. "एका शब्दानं सांगायचं, साहेब येणार आहे म्हणून!"

"कशी सांगू, मास्तर?" ती शांतपणे म्हणाली. "रोज ऐकत होते ना भिंतीतून."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.  मी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत लावला.

ती म्हणाली, "ते मधलं परत वाचा ना. मुलीचं."

"मुलीची उत्तम काळजी घेतली जाते," मी वाचलं.

"बघा," मावशी म्हणाली, "असं कुणी लिहिलं नव्हतं माझ्याबद्दल." तिनं कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बायकोवर सोडून रांगेत उभा राहिलो. हो, मी. तिथून माझं दुकान समोर दिसत होतं. एक गिऱ्हाईक बायकोशी बोलत रांगेकडे बोट दाखवत होतं. मी तोंड फिरवलं. दोन तासांनी खिडकीपाशी पोचलो आणि आतल्या बाईंना सगळं सांगितलं, खुर्च्या माझ्या, टेबल माझं, पडदा माझा, आणि मी बोललो ते सगळं खोटं.

बाईंनी फाईल काढली, वाचली. "तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता हो. त्यांना खरंच कळत नव्हतं. "नवा अर्ज एक वर्षानं करता येईल," त्या म्हणाल्या आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

वर्ष कुणाकडे होतं? मी घरखर्चाला हातभार लावला, मावशीनं दोनदा घेतला. तिसऱ्यांदा म्हणाली, "काम असेल तर द्या, मास्तर. फुकटचं नको." माझाच शब्द. तिनं एका मोठ्या इमारतीत झाडू-पोछ्याचं काम धरलं, सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. छकुलीला माझी बायको बघायची. पण पंचविशीच्या मुलीला उचलायचं, धुवायचं, बसवायचं, बायकोचं वय काय? एक दिवस ती दूध बघायला घरी आली तेवढ्यात छकुली खुर्चीतून पडली. कपाळाला खोक पडली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मावशीला बाहेर बसवून सांगितलं की अशा मुलींसाठी संस्था आहेत, पाठवून द्या, नाहीतर एक दिवस जिवावर बेतेल.

मावशीनं आठ दिवस काढले. मग पाठवलं. गाडीत बसवताना छकुलीला वाटलं फिरायला निघालो. केवढी हसत होती!

पुढच्या महिन्यात सोमवारी मी मावशीबरोबर भेटायला गेलो. अर्ध्या दिवसाचा बसप्रवास. छकुलीसाठी डबाभर बटणं घेतली होती, सगळ्या रंगांची, नवीकोरी. फाटकावरच्या बाईंनी डबा काढून घेतला. "बटणं आत चालत नाहीत. मुलं गिळतात. आम्ही कपड्यांनाही नाड्याच लावतो." त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडे साठ जणं आणि बघणाऱ्या तीन बायका.

छकुली लांब हॉलमध्ये भिंतीकडेला होती. केस बारीक कापलेले. मावशीनं नेहमीसारखा वेणीला हात घातला, हात नुसताच मानेवरून फिरला आणि तिथेच राहिला.  पिशवीतली रिबीन तिनं बाहेर काढलीच नाही.

मग छकुलीनं मला बघितलं. ओळखलं. हसू आलं नाही, पण हात पुढे आला, तळवा उघडा.

मी खिसे चाचपले. काय असणार खिशात! शेवटी शर्टाचं एक बटण ओढून तोडलं आणि तिच्या तळव्यावर ठेवलं. तिची बोटं मिटायच्या आत मावशीनं ते उचललं. "नको, मास्तर," ती घाबरून इकडेतिकडे बघत म्हणाली. "नियम आहे त्यांचा. मग भेटू देणार नाहीत."

भेटीची वेळ संपेपर्यंत मावशी तिच्याशी बोलत होती, गल्लीतलं, दुकानातलं, माझ्या बायकोचं. छकुलीचा हात तसाच माझ्याकडे. आम्ही निघालो, दारापर्यंत पोचलो, मी मागे वळून बघितलं. हात खाली गेला नव्हता.

परतीच्या बसमध्ये मावशीनं पिशवीतून सुई काढली. मी ओवून दिली. तिनं माझ्या शर्टाचं बटण चाचपत लावून दिलं, दोरा दातानं तोडला, आणि बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसली. तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं, मला माहीत होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "आपण निघालो तेव्हा तिनं हात मिटला का हो? मला नीट दिसलं नाही."

"मिटला की," मी म्हणालो. "लगेच मिटला. दुसरीकडे बघायला लागली."

"बरं झालं," मावशी म्हणाली.