घोड्याच्या घरातलं प्यादं

ऐंशीच्या दशकात मी तळोज्याच्या एका कारखान्यात टेम्पररी कारकून होतो. दर काही महिन्यांनी आम्हाला 'ब्रेक' द्यायचे, म्हणजे चार दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा नव्याने घ्यायचे. अशी तीन वर्षं गेली होती. वाशीतले शेजारी विचारायचे, "आज पण सुट्टी का?" तेव्हा कुठे तोंड लपवू असं व्हायचं.

कंपनीच्या बुद्धिबळ संघात एक जागा रिकामी झाली. संघातल्यांना परमनंट करत. वेल्फेअरचे साहेब मला म्हणाले, "आपल्या लॅबवाल्याशी निदान बरोबरी कर, तुझं नाव मी पुढे देतो." लॅबवाला जिल्ह्यातर्फे खेळलेला. मी गावाकडे देशी पद्धतीने शिकलेला, तिथे प्यादं एकेकच घर चालतं. नवे नियम कॅन्टीनमध्ये बघून बघून उचललेले.

शनिवारी दुपारी डाव लागला. लॅबवाला चहा पीत, माझ्याकडे ढुंकूनही न बघता खेळत होता आणि त्यातच गाफील राहिला. मोहरी मरत मरत शेवटी दोघांचं एकेक प्यादं उरलं, आणि शप्पथ सांगतो, माझं पुढे होतं! ते घोड्याच्या पट्टीत शेवटच्या घरात पोचलं. मी ऐटीत मेलेला घोडा उचलून तिथे ठेवला. गावाकडच्या डावात घोड्याच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा घोडाच होतो, एवढंच मला ठाऊक. नव्या नियमांच्या डावात माझं प्यादं तिथवर कधी पोचलंच नव्हतं.

लॅबवाल्याने कप खाली ठेवला. "अरे, वजीर घे ना. घोडा कशाला?"

साहेब पटावर वाकले. "रूल माहीत नसेल तर बोल. मूव्ह परत देतो."

सगळं कॅन्टीन बघत होतं. बोल गाढवा, बोल, असा आतून जीव ओरडत होता. पण ज्याला नियमच ठाऊक नाहीत तो संघात काय खेळणार, असं म्हणून हे हसतील, या धास्तीने माझी मान ताठ झाली.

"माहीत आहे," मी म्हणालो. "मला घोडाच हवाय."

मग तो घोडा नुसता उड्या मारत राहिला. लॅबवाल्याचं प्यादं पोचलं, त्याने वजीर घेतला आणि मी संपलो.

"जिंकलेला डाव मस्तीत घालवलास," साहेब म्हणाले. "असा माणूस संघात नको."

मस्ती! मी मोहरी गोळा करून डब्यात भरली. पुढच्या ब्रेकनंतर मला परत बोलावलं नाही. घरी मी सांगितलं की टेम्पररी माणसं सगळीच काढली.