समजलं? मग करून दाखवा!

रत्नागिरीत एका दवाखान्यात मी सिस्टर आहे. दर मंगळवारी आमच्याकडे शुगरच्या पेशंटांचा वर्ग भरतो. त्या दिवशी एखाद वेळेस चहा चुकेल, पण किस्सा घेतल्याशिवाय मी घरी जात नाही. नवरा तर दार उघडतानाच विचारतो, "हं, आज कोण?"

पूर्वी हा वर्ग डॉक्टर घ्यायचे. आमच्या डॉक्टरांच्या हाताला फार गुण, पण पडद्यावर स्लाइड लागली की त्यांना आवरणं कठीण! स्वादुपिंड, पेशी, बाण, पुन्हा पेशी. दिवे बंद, पंखा चालू, मागच्या रांगेत घोरणं सुरू. शेवटी डॉक्टर विचारायचे, "समजलं ना?" सगळे एका सुरात, "होऽऽ!"

एकदा मी पुढं बसलेल्या काकूंना विचारलं, "काय समजलं ओ?"

"डॉक्टर खूप शिकलेत!"

तेव्हा हसलो. पण त्या 'हो' म्हणणाऱ्यांत जयगडचे बबनकाकाही होते. उभा जन्म बोटीवर काढलेला माणूस. शुगरनं पाय बधिर झालेले, ठेच लागलेली कळलीच नाही, जखम चिघळली आणि पायाचा अंगठा गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पुन्हा असं झालं तर पाऊल कापावं लागेल." शालनकाकू, म्हणजे त्यांची बायको, भिंतीला टेकून खालीच बसल्या. मला फार वाईट वाटलं.

मग मी पुण्याला ट्रेनिंगला गेले. शिकवायचं कसं, याचं ट्रेनिंग! तिथलं एवढंच डोक्यात पक्कं बसलं: पेशंट घरी जाऊन काय करणार ते आधी ठरवा, एका दिवशी एकच गोष्ट शिकवा आणि "समजलं का?" न विचारता करून दाखवायला सांगा. परत आल्यावर डॉक्टर म्हणाले, "घ्या बाई, वर्ग तुम्हीच घ्या!"

*

पहिला धडा भाताचा. मी घरून शिजवलेला भात आणि ताट घेऊन गेले. केळशीच्या सुलभाकाकूंना म्हटलं, "रोज घेता तेवढा वाढून घ्या."

काकूंनी छोटीशी मूद घेतली. मी खूश! सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मग उगीच शंका आली म्हणून विचारलं, "जेवणात एवढाच ना?"

"छे हो, हा वरणाचा! मग कालवणाचा, मग ताकाचा. तुम्ही काय एकदाच वाढून घेता? अगं बाई, उपाशी राहत असाल!"

तेव्हापासून मी सगळे भात एकाच ताटात आधी काढायला लावते.

*

देवरूखचे एक निवृत्त गुरुजी. इन्सुलिन टोचायचे तर असं, की आम्ही बघत राहावं. पण दर गुरुवारी त्यांची शुगर आभाळाला भिडायची. औषध बदललं, डोस तपासला, काही कळेना. शेवटी मी म्हटलं, "गुरुजी, तुमचा गुरुवार सकाळपासून सांगा बघू."

"उठतो, आंघोळ, पूजा. इन्सुलिन घेत नाही."

"का?"

"गुरुवार ना! आणि ते फ्रीजमध्ये सुरमईला चिकटून असतं."

फ्रीजमध्ये ठेवा, हे मीच सांगितलं होतं. शेजारी कोण राहतं ते विचारलं नव्हतं! झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, म्हटलं, आणि फ्रीजच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवा. पुढच्या मंगळवारी गुरुजी हसत आले. "सिस्टर, आमचं इन्सुलिन आता शाकाहारी झालं!"

*

पाय तपासायचा वर्ग मी बबनकाकांसाठीच ठेवला होता. जमिनीवर आरसा ठेवायचा, त्यावर पाय धरायचा, तळवा बघायचा. पाय पुसता पुसता मी काकांच्या तळव्याला हळूच एक लाल टिकली चिकटवली.

काकांनी अगदी रुबाबात पाय धरला. "साफ! काय पण नाय."

"काका, चष्मा कुठाय?"

"घरी. तो पेपर वाचायचा!"

शालनकाकूंनी कपाळावर हात मारला. "गावात कोण मेला ते चष्मा लावून वाचता, आणि स्वतःचा पाय तसाच बघता?"

*

शिमगा आला. पालखी खांद्यावर घ्यायची म्हणजे अनवाणीच. काका ऐकतायत होय! तापलेल्या कातळावरून नाचून घरी आले, पाय धुतले, चष्मा लावला, आरसा घेतला. टाचेखाली फोड! दुखणं नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं आमच्या दारात हजर.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मग ड्रेसिंगच्या वाऱ्या सुरू झाल्या. चार शब्दांना चाळीस बोलणाऱ्या शालनकाकू बाकावर बसून "पाय राहील ना?" एवढंच विचारायच्या. मी रोज देवाला हात जोडत होते.

एक दिवस डॉक्टरांनी पट्टी सोडली. बघितलं, दाबलं, बाजूनं दाबलं. मग मान वर केली.

"जखम भरली. पाय शाबूत आहे."

काका ताठ बसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "जखम भरली! पाय शाबूत आहे!"

डॉक्टर दचकलेच. "अहो काका, हे काय?"

"बोटीवर कप्तान बोलला की तेच आपण परत बोलायचं. नीट ऐकलंय, हे त्याला कळायला नको?"

डॉक्टर हसले, मीही हसले. शालनकाकू बाकावरून उठल्या, काकांच्या पायाजवळ आल्या आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या,

"अजून एकदा बोला."