पेशीतल्या आंबट पिशव्या

उषा गेल्याचा फोन आला, तेव्हा डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं, आता तर हिला कुणी नावंही ठेवणार नाही! मैत्रिणीच्या मरणावर असं सुचावं... पण सुचलं खरं. नव्वदच्या दशकापासून मी तिच्यावर जळत आले, ते एका फोननं कुठून सुटणार?

कोल्हापुरात एकाच प्रयोगशाळेत आम्ही पीएच.डी. करत होतो. औषध पेशीत शिरल्यावर नेमकं कुठं जाऊन बसतं, हा दोघींचा विषय. मलेरियाचं एक जुनं औषध निळ्या उजेडात आपसूक हिरवं चमकतं, म्हणून ते घेतलेलं. सूक्ष्मदर्शकासाठी नंबर लावावा लागायचा, त्यामुळे आम्ही सगळे पेशी फॉर्मालिनमध्ये मारून ठेवायचो आणि सवडीनं बघायचो. मला औषध केंद्रकात दिसलं. सरांनी पाठ थोपटली, मी हवेत!

उषा कळंब्याहून सायकलवर यायची. एक दिवस नंबर नसताना घुसली आणि जिवंत पेशीच काचेखाली ठेवल्या. "मंगल, इकडं ये की! केंद्रकात काय बी न्हाय गं." खरंच, केंद्रक काळंभोर आणि भोवती हिरवे ठिपके पेटलेले. "ह्या पेशीतल्या आंबट पिशव्या. औषध आत शिरतंय मोकळं, आंबटात पडलं की त्येला विजेचा भार चढतोय, मग बाहेर निघता येत न्हाय. तू पेशी मारलीस, पिशव्या फुटल्या, औषध पळालं केंद्रकात."

"व्हय का, शहाणे!" म्हणाले आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. माझ्या सगळ्या कामाचं मातेरं झालं होतं. पुढं परिषदांची बोलावणी तिला, हुशार पोरं तिच्याकडं. माझं मागणं एकच होतं... एकदा, फक्त एकदा, मला तिच्याआधी काहीतरी दिसावं.

परवा उषाच्या विद्यार्थिनीनं मला तिच्या प्रयोगशाळेत बोलावलं. उषामागं त्या पोरीची मार्गदर्शक आता मी. सूक्ष्मदर्शकाच्या दोन्ही नळ्या अजून उषाच्या डोळ्यांच्या अंतरावर होत्या, कुणी हलवल्याच नव्हत्या. इथंही हीच, म्हणून चडफडले. पण हलवायला हात होईना. एकाच डोळ्यानं बघितलं. ही पोरगी तपासत होती ते नवं औषधही पिशव्यांतच बसणार, असं उषा छातीठोक सांगायची. पेशी जिवंत होत्या, तरी पिशव्या रिकाम्या! पेशीला ऊर्जा पुरवणारे लांब धागे तेवढे लखलखत होते.

"उषे, मला आधी दिसलं गं!" मी ओरडले, आणि तिला बघता यावं म्हणून स्टूल मागं घेतलं.