लिफ्टमधली हाक

इथे आखातात, अल नहदातल्या आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर एक चिनी बाई राहते. चाळिशीची, हातात कायम गरम पाण्याचा थर्मास. लिफ्टपाशी माझ्या सासूबाई दिसल्या की बटण दाबण्याआधी मान लववून म्हणायची, “नायनाय.” म्हणजे आजी.

“बडे लोग को पहले बुलाना, बाद में काम,” तिने एकदा मला समजावलं होतं. मला ते जरा अतीच वाटायचं.

सासूबाई गेल्या. स्ट्रेचर लिफ्टपाशी आलं. ती घरातल्या स्लिपर घालूनच बाहेर आली, वाकली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “नायनाय.” मग तिने बटण दाबलं.

तिला काय हाक मारायची, हे मी चार वर्षांत विचारलेलं नाही.