योतामूचे कान

लुआंग्वा नदीच्या खोऱ्यातलं ते अभयारण्य तसं टीचभर, पण तिथल्या वाटाड्याच्या, योतामू चुलूच्या, कानांची कीर्ती भारी. झाडीत बिबट्या पाणी प्यायला तरी योतामूला कळतं, असं न्शिमाचे, मक्याच्या घट्ट उकडीचे, घास घेताना सगळे सांगायचे. योतामूने कधी नाही म्हटलं नाही. स्तुतीला कोण भुलत नाही?

खरं असं, की दोन वर्षांपूर्वी अगदी कानाशी बंदूक उडाली आणि डावा कान गेला तो गेलाच. हल्ली उजवाही दगा देऊ लागला होता. कबूल केलं असतं, तर फाटकावर बसून गाड्यांचे नंबर लिहायची पाळी आली असती. म्हणून तो गप्प राहिला.

चालताना बोलायचं नाही, हा तिथला दंडक. पुढे बंदूकवाली तिसाउके, मागे योतामू, त्यामागे पायी जंगल बघायला आलेले पाहुणे. दाट झाडी आली की तिसाउके वळून बघायची आणि योतामूने मान हलवली की पाऊल उचलायची. तो आपला तिचा चेहरा निरखायचा. पोरीचे कान तरुण, काही असतं तर ती थांबलीच असती! एवढ्या भरवशावर त्याने दोन मोसम निभावले.

त्या सकाळी निघताना ती बापाला हाक मारावी तशी म्हणाली, "बाम्बो, तुम्ही असलात की मी माझे कान घरीच ठेवून येते. बंदूक माझी, कान तुमचे!"

सगळे हसले. आता सांगून टाकावं, असं योतामूला फार वाटलं.

"चल गं, ऊन चढतंय," एवढंच तो बोलला.

नदीकाठच्या उंच गवतात रानरेड्याचं शेण दिसलं. ताजं होतं. तिसाउके वळली. त्याने सवयीने मान हलवली.

दहा पावलांवर मागची पाहुणी त्याच्या उजव्या खांद्याशी आली. "ते पक्षी एवढे का ओरडले?"

रेड्याच्या पाठीवरच्या गोचिडी टिपणारे पक्षी. माणसाची चाहूल लागली की आधी तेच ओरडत उठतात. योतामूला काहीच ऐकू आलं नव्हतं.

तिसाउकेने बंदूक उचलली. "डोक्यावरून गेले तेव्हा कळलं मला. उठले कुठून, बाम्बो?"

"मला ऐकू येत नाही, पोरी. दोन वर्षं झाली." दंडक मोडून तो मोठ्याने बोलला.

ती त्याच्याकडे वळली. मग तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून सरकली. पाहुणीचीही. दोघींनी एकदम त्याच्या डाव्या खांद्यामागे पाहिलं. तिकडे काहीतरी मोडल्याचा आवाज झाला असणार.