टाकी कोण भरणार

लातूरच्या ट्रॅव्हल ऑफिसातल्या बाईंनी माझ्यासमोर दोन जहाजांची चित्रं ठेवली.

"काका, एकटेच आहात ना? मग लहान जहाज घ्या. जेवायला सगळे एकाच टेबलावर बसतात. मोठ्यावर कुणी कुणाला ओळखत नाही."

मला मोठंच हवं होतं. बायको गेल्यापासून कुणी आपुलकीने विचारपूस केली की मला उत्तर देणं जमत नाही.

जहाजाची हौस तिची. ती मुखेडची, समुद्र तिने कधी पाहिलाच नव्हता. दर उन्हाळ्यात ती विषय काढायची आणि मी म्हणायचो, "नळ आठ-दहा दिवसांनी येतो. आपण नसताना आला तर टाकी कोण भरणार?"

"मग टाकीलाच न्या फिरायला," ती म्हणायची. "मी राखते घर."

"तारीख कोणती धरू?" बाईंनी विचारलं.

"नळाचा दिवस बघून सांगतो," मी सवयीने बोलून गेलो.

त्या हसल्या. "शेजारी किल्ली द्यायची, काका. आम्ही तेच करतो."

आमच्या शेजारच्या भाभींची आणि आमची भिंत एकच आहे. पण कुणाकडे काही मागायचा मला संकोच, म्हणून इतक्या वर्षांत मी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं.

मी लहान जहाजावर बोट ठेवलं. घरी येताच भाभींचं दार वाजवलं आणि किल्लीचं बोललो.

"ताईंनी मला कधीचंच विचारून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "'हाव, जाऊ' म्हणायचे तुम्हीच राहिले होते."